जागा रिकामी आहे का?

मिहिर आणि सई,

परवा फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलत होतात, त्यामुळे मला निम्मंच कळलं. कळलं ते इतकं, की तुमच्या शाळेत हॅम रेडिओचा क्लब निघाला आहे आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी तुमचा क्लब मोर्सच्या मोठ्या स्पर्धेत उतरणार आहे. "आजी, आजोबा कसं करायचे ते लिहून पाठव," असं सई म्हणाली. लिहिते. पण ते लिहिताना त्या खोलीत माझं काय चाललं होतं ते वगळता येणार नाही, आणि ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, तुमच्या बाबांनाही नाही. आजोबा असते तर आताही लिहिलं नसतं. ते नाहीत, आणि स्पर्धेचे दिवस पुन्हा आले आहेत. मराठी अडली तर बाबांना विचारा, पण त्यांना मोठ्यानं वाचायला लावू नका.

इथे आता भात कापून झाला आहे. भिलाईजवळ कुरुदच्या ज्या कडेला मी राहते तिथे पूर्वी नजर पोचेल तिथवर शेतं होती. आता दोन इमारतींच्या मधून एक पट्टा दिसतो, कोणीतरी अजून न विकलेला. त्यातला पेंढा वाळायला लागला की सकाळच्या गारव्याबरोबर त्याचा वास गॅलरीत येतो. लोकांना त्या वासानं नवा तांदूळ आठवत असेल. मला कानावर घट्ट बसलेला हेडफोन आठवतो, त्याचं गार बेकेलाइट आणि त्याखाली दुखणारी कानाची पाळी.

मी सांगते आहे त्या वर्षी भिलाईच्या पोलाद कारखान्यातली पहिली फर्नेस पेटून वर्षभर झालं होतं. आम्ही सेक्टर दहामध्ये राहत होतो. सेक्टर म्हणजे लाल मुरमाचे सरळ रस्ते, एकसारखी क्वार्टर्स, आणि दर दहा पावलांवर विटांच्या जाळीत लावलेलं एक रोप. त्या रोपांची सावली तेव्हा मांजरालाही पुरत नव्हती. मी नागपूरची. बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा लग्न ठरलं, आणि पुस्तकं बांधून माहेरच्या माळ्यावर ठेवून मी इकडे आले. आठवड्यातून एकदा सासूबाईंबरोबर भाजीला जायचं, महिन्यातून एकदा ह्यांच्या सायकलवर मागे बसून सिविक सेंटरला. तिथेही तेव्हा दुकानांपेक्षा पाट्याच जास्त होत्या. बाकी दिवस दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, आणि मागचा व्हरांडा.

मागचा व्हरांडा आजोबांनी पत्रे ठोकून बंद केला होता. तीच त्यांची रेडिओची खोली. उन्हाळ्यात भट्टी, थंडीत बर्फाची पेटी. आत एक टेबल, त्यावर लष्कराच्या जुन्या सामानातून मिळालेला रिसीव्हर, घरी बांधलेला ट्रान्समीटर, दोन स्टुलं आणि दोन घड्याळं. एक आपल्या वेळेचं. दुसरं ग्रीनिचच्या वेळेचं, साडेपाच तास मागे, कारण जगभरचे हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, एकाच वेळेनं नोंदी ठेवतात. दुपारी चहाच्या वेळी त्या घड्याळात अजून सकाळ असायची. मी त्या खोलीत बसले की मला नेमकं कुठल्या घड्याळात राहायचं ते कळत नसे.

आता तुमच्या कामाचं. स्पर्धा म्हणजे दोन दिवसांत जास्तीत जास्त परदेशी स्टेशनांशी संपर्क करायचा. आवाज कसा येतो ते आकड्यात सांगायचं, आपला ठरलेला क्रमांक द्यायचा, त्याचा घ्यायचा, नोंदवायचं, पुढे जायचं. एकाच बँडवर, म्हणजे लहरींच्या एकाच पट्ट्यात, तेच स्टेशन दोनदा चालत नाही. आजोबा पाठवायचे आणि ऐकायचे, मी लिहायची. एका रिसीव्हरला दोन हेडफोन जोडलेले असत. माझ्याजवळ एक मोठा तक्ता असे, त्यात कोण कोण झालं ते अक्षरवार. नवीन स्टेशन असेल तर मी पेन्सिल टेबलावर एकदा टेकवायची, आधीच झालं असेल तर दोनदा. बोलायचं नाही असा नियम होता, कारण बोलण्यात बारीक सिग्नल बुडतो. माझ्या हेडफोनची वायर उरलेल्या तुकड्याची होती, टेबलापासून माझ्या स्टुलापर्यंतच पुरायची. उठायचं तर हेडफोन काढूनच उठावं लागे, आणि काढला की एखादं स्टेशन निसटायचं. म्हणून मी उठत नसे.

आजोबांना माझी गरज होती ती नुसती लिहायला नव्हे. इथे येण्याआधी काही वर्षं दुसरीकडे रोलिंग मिलच्या गडगडाटात राहून त्यांचे कान बारीक आवाजाला बधिर झाले होते. त्यात कारखान्याचं बांधकाम चालूच होतं, वेल्डिंगची खरखर दिवसभर बँडवर पसरलेली असायची. त्या खरखरीखालचं मला ऐकू यायचं. "तुह्या कानाबिगर माह्यं काही खरं नाही," असं ते म्हणत. ऑफिसात ते अगदी शुद्ध बोलत, घरात मात्र भंडाऱ्याकडचंच. मला ते वाक्य फार आवडायचं. पुढे तेच जड झालं.

स्पर्धेत सगळ्यांना घाई असते, आणि बँड तर एकच, सगळ्या जगाचा. त्यात स्पर्धेशी संबंध नसलेलेही लोक असतात. कोणी रोजच्या मित्राशी बोलत असतो, कोणी नवशिका चाचपडत असतो. म्हणून आजोबांचे दोन नियम होते, ते तुम्हीही पाळा. बँडची वरची कड स्पर्धा न खेळणाऱ्यांसाठी सोडायची. आणि कुठेही बसण्याआधी विचारायचं, जागा रिकामी आहे का? मोर्समध्ये त्याची तीन अक्षरं आहेत, तुम्हाला शिकवली असतील. पाठवायची, थांबायचं, ऐकायचं. लोक एकदा विचारतात. आजोबा तीनदा विचारत.

विचारणं त्यांच्या अंगातच होतं. आमचा सेट चालू झाला की ओळीतल्या सगळ्या रेडिओंत टिकटिक घुसायची. म्हणून स्पर्धेच्या आधीच्या गुरुवारी ते आठही क्वार्टर्समध्ये जाऊन परवानगी मागत. मी एकदा बरोबर गेले होते. शेजारचे रामटेके भाऊजी कारखान्यात रिगर होते, उंचावर चढून लोखंडी सांगाडे बसवणारे. आमच्या छतावरचा एरियलचा खांबही त्यांनीच वर चढून बसवलेला.

"साहेब, दिवसभर तुमचं राज्य," ते म्हणाले. "पन संध्याकाळी सिलोनच्या गाण्याच्या टायमाले घंटाभर थांबा. गान्यात तुमची टिकटिक घुसली का आमची मंडळी मले जेवाले नाही वाढत."

आतून त्यांच्या मंडळींचा आवाज आला, "तसंबी अर्धंच वाढाले पाह्यजे!"

आजोबांनी परत येऊन भिंतीवर खडूनं लिहिलं, "रामटेके, गाणी, एक तास बंद." आणि ऐन स्पर्धेत, युरोप मोकळा असताना, त्यांनी तो तास खरंच सेट बंद ठेवला.

तर अशा माणसाबरोबर राहून मला परवाना हवा होता. परवाना नसलेल्यानं मोर्स-कीला, म्हणजे टिकटिक पाठवायच्या गुंडीला, हात लावायचा नाही, हा कायदा. मी तासन्‌तास जगाला ऐकायची, पण जगाला माझा पत्ता नव्हता. मोर्स तर ऐकून ऐकूनच येऊ लागलं होतं. आजोबांनीच अर्ज आणून दिला, माझ्यासाठी सेलवर चालणारा बझर करून दिला. परीक्षा नागपूरला, मोर्स आणि थोडं शास्त्र. शास्त्राची मला काळजी नव्हती. दुपारी भांडी झाली की मी बझर घेऊन बसायची.

सासूबाई पलीकडे तांदूळ निवडत. "काय चिमणीवानी टिवटिव करून राहिली वं दिवसभर?"

"परीक्षेचा अभ्यास आहे."

"लगन झाल्यावर कोनती परीक्षा राहिली आता?" मग एक खडा वेचून टाकत, "पास झाली तं पगार भेटते?"

"नाही."

"मंग भेटते तरी काय?"

"परवाना. बोलायचा."

सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "बाई बाई! बोलाले परवाना! आपल्या रामटेकेनबाईले सांगतो आता, ते तं जलमभर बिनपरवान्याची बोलून राहिली."

पण दुसऱ्या दिवसापासून माझ्या अभ्यासाच्या वेळी त्या निवडणं घेऊन पुढच्या अंगणात बसू लागल्या.

परीक्षेचं बोलावणं आलं ते ह्यांच्या ऑफिसच्या पत्त्यावर. संध्याकाळी आले, हातपाय धुतले, जेवायला बसले. मी पोळ्या करत होते.

"अवं, तुही तारीख आली. शनिवारी, अकरा वाजता."

मी वळून पाहिलं. कोणता शनिवार ते त्यांच्या चेहऱ्यावरच होतं.

"त्याच शनिवारी?"

"हो ना. पन काळजी नको करू. मी दुपारीच पत्र टाकलं त्याईले. पुढच्या खेपेले बसजो तू. ते लोक ऐकतात."

मी पोळी उलटली. त्यांनी आणखी वरण मागितलं, मी वाढलं. त्यांच्या आवाजात खोट नव्हती, हेच मला सहन होईना. रागावलेल्या माणसाशी भांडता येतं. हे तर माझं काम करून आल्यासारखे बसले होते, पाच पैशांचं कार्ड टाकून, सगळं मार्गी लावून.

आजही कधी कधी मी विचार करते की त्याच वेळी का नाही बोलले. इंग्रजी शाळेत शिकलेली, वादसभेत बक्षीस मिळवलेली मुलगी. पण त्या स्वयंपाकघरात मला एकही वाक्य सापडलं नाही. तुम्हाला ही गोष्ट समजणार नाही, आणि ती न समजो.

शुक्रवारी दुपारी सासूबाईंनी माळ्यावरून पितळी डबा काढला. त्यात शंकरपाळे होते, माझ्या प्रवासासाठी त्यांनी मला न सांगता केलेले. मला वाटत होतं की अडवलं तर त्याच अडवतील.

"कावून वं, गाडी दुपारची ना? अजून पातळ नाही बदललं?"

"जायचं नाही."

"कोन म्हनते?"

"ह्यांनी पत्र टाकलं. पुढच्या वेळी म्हणाले."

त्यांनी व्हरांड्याकडे पाहिलं. आतून पक्कडीचा आवाज येत होता, मुलगा वायर तोडत होता. "पोट्टं बापावर गेलं," त्या म्हणाल्या. "बापानं बी बैलं इकली तवा असंच. इकून आल्यावर सांगतलं." त्यांनी डबा फळीवर ठेवला. मुलाला त्या काही बोलल्या नाहीत. त्या घरात न बोलणारी मी एकटी नव्हते.

शनिवारी पहाटे साडेपाचला, ग्रीनिचच्या शून्य वाजता, स्पर्धा सुरू झाली. स्वेटरवर शाल घेऊन मी स्टुलावर बसले. जपान आलं, मग ऑस्ट्रेलिया, मग सोव्हिएत देशाच्या पूर्वेकडची स्टेशनं एकामागून एक. पेन्सिल एकदा, एकदा, दोनदा, एकदा. माझं अक्षर त्या पानांवर अतिशय सुबक आहे. पत्र्याच्या भोकातून उन्हाची सुई आत आली आणि टेबलावरून हळूहळू सरकू लागली. सासूबाईंनी चहा ठेवला, तो साय धरून निवला.

साडेदहाच्या सुमाराला बँड इतका गच्च भरला की आजोबांना बसायला जागा मिळेना. खालून वर सरकत सरकत ते शेवटी त्या वरच्या कडेच्या तोंडाशी आले. तिथे जरा शांतता होती. त्यांनी विचारलं, जागा रिकामी आहे का?

मी ऐकलं. खरखरीखालून, फार बारीक, एक "हो, बसलोय" आलं.

तो हात मी ओळखत होते. लेखनात अक्षर असतं तसा मोर्समध्ये हात असतो. सिलोनच्या चहाच्या मळ्यावरचे एक म्हातारे गृहस्थ दर शनिवारी या वेळी मलायातल्या आपल्या मित्राशी बोलत. पाऊस, गुलाब, गुडघा. त्यांची शेवटची रेघ नेहमी जरा लांब पडायची, जिना चढताना पाय ओढावा तशी. एरवीच्या शनिवारी स्वयंपाक उरकून मी त्यांना ऐकत असे. ते मला ओळखत नव्हते, पण मला भिलाईत त्यांच्याइतकं ओळखीचं माणूस फारसं नव्हतं.

मी आजोबांना खूण करायला हवी होती. पेन्सिल उचलून आडवी धरायची, की इथे कोणी आहे. समोर दोन्ही घड्याळं होती. एकात अकराला दोन मिनिटं कमी, दुसऱ्यात साडेपाचला. नागपुरात आता बाकांवर लोक बसले असतील, परीक्षकानं बझर टेबलावर ठेवला असेल, आणि एक बाक रिकामं.

आजोबांनी दुसऱ्यांदा विचारलं. पुन्हा ते बारीक "हो". मी पेन्सिल उचलली नाही.

तिसऱ्यांदा विचारलं, आणि तिसऱ्यांदा ते "हो" आलं. त्यांनी मान कलती करून ऐकलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी तक्त्याकडे पाहत राहिले. त्यांना वाटलं, जागा मोकळी आहे. आणि त्यांनी हाक द्यायला सुरुवात केली, आमच्या सगळ्या ताकदीनिशी, रामटेके भाऊजींनी बसवलेल्या त्या उंच एरियलवरून, त्या म्हाताऱ्याच्या अंगावर.

तो म्हातारा थांबला नाही. आमच्या दोन हाकांच्या मधल्या फटीत मला त्याचे तुकडे ऐकू येत होते. "प्लीज." मग मित्राचं नाव. मग पुन्हा "प्लीज." मी ते ऐकत बसले आणि एकेका परदेशी स्टेशनची नोंद सुबक अक्षरात करत राहिले. सात नोंदी केल्या. त्या सात नोंदींइतकी वाईट मी आयुष्यात क्वचितच वागले असेन. आणि खरं सांगायचं तर पहिल्या तीन नोंदींपर्यंत मला बरं वाटत होतं.

मग मी नियम मोडला आणि बोलले. "तिथे माणूस आहे."

आजोबांनी हेडफोन एका कानावरून सरकवला. "का म्हनते?"

"तिथे माणूस आहे. सिलोनचे ते. मघापासून हो म्हणताहेत. तीनदा म्हणाले."

त्यांचा हात कीवरून उडालाच. "मंग सांगतलं कावून नाही तू?"

"मला कोणी विचारलं?"

ते म्हणाले, "अवं, तिथंच तं बसली हायेस! तुह्याच भरवशावर तं—" आणि थांबले. मी घड्याळाकडे पाहत होते. त्यांनीही पाहिलं. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. दारात सासूबाई दुसरा चहा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि मुलाला म्हणाल्या, "आठ घरी विचारून आला तू. हे घर नववं होतं." आणि निघून गेल्या.

बँडवर सगळं जग धावत होतं. दर मिनिटाला आमची दोन-तीन स्टेशनं जात होती. आजोबा ट्रान्समीटर बंद करून बसून होते. मग त्यांनी मोर्स-की खालच्या फळीसकट उचलून माझ्यापुढे ठेवली. "तूच म्हन सॉरी त्याईले," ते म्हणाले. "तुही ओळख हाय."

माझी बोटं कीच्या गुंडीपासून वीतभर लांब होती. ती गुंडी त्यांच्या हातानं अजून कोमट असेल, असं मला वाटलं. मला परवाना नव्हता. ज्या दिवशी तो मिळवायला निघायचं होतं त्याच दिवशी कायदा मोडायचा, आणि तोही त्यांनी परवानगी दिली म्हणून. मी हात मांडीवर ठेवले.

"मला परवाना नाही," मी म्हणाले.

त्यांनी की परत ओढून घेतली आणि स्वतः माफी मागितली, लांबलचक, एकेक अक्षर सुटं करून. सिलोनहून उत्तर आलं. मी ते आजोबांना शब्द शब्द सांगितलं, कारण त्यांना ते ऐकू येत नव्हतं. म्हातारा म्हणत होता, काही हरकत नाही, आमचं बोलणं होत आलं होतं. आणि तुम्ही स्पर्धेत आहात, तर माझाही क्रमांक घ्या. आजोबांनी घेतला. मी नोंदवला. नवीन स्टेशन होतं. पेन्सिल एकदा.

मग आम्ही दुसऱ्या जागी सरकलो आणि स्पर्धा पुरी केली. त्यांनी विचारायचं, मी ऐकायचं, मग त्यांनी हाक द्यायची. त्या वर्षी आमचे बरेच संपर्क झाले, असं आजोबा म्हणत.

परीक्षेची पुढची खेप आली तेव्हा तुमचे बाबा पोटात होते, सातवा महिना. त्याच्या पुढच्या वेळी सासूबाई न्हाणीत पडल्या आणि अंथरुणाला खिळल्या. त्यांचं सगळं मीच करायची. एकदा केस विंचरताना त्यांनी विचारलं, "तो परवाना भेटला का वं?" मी नाही म्हटल्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. त्यानंतर मात्र अडचण अशी काही उरली नव्हती. आजोबा दर वर्षी स्वतः अर्ज आणत, टेबलावर ठेवत आणि विचारत. तारीख कोणती चालेल, बरोबर येऊ का, की एकटी जाशील. खरंच विचारत, तीनतीनदा. मी म्हणायची, "बघू." अर्ज पिवळा पडायचा. का असं केलं, याचं चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. त्यांनी आणून दिलेल्या दारातून मला जायचं नव्हतं, आणि दुसरं दार त्या घराला नव्हतं. हट्ट म्हणा. पण त्यांच्या चेहऱ्यावर दर वर्षी जे दिसायचं, त्यानं मला कधी समाधान झालं नाही, हेही इथे लिहून ठेवते. आम्ही दोघंही त्या दोन स्टुलांवरून उठलो नाही. ते विचारत राहिले, मी ऐकत राहिले, आणि दर नोव्हेंबरला नोंदी सुबक अक्षरात होत राहिल्या.

तुम्ही विचाराल म्हणून सांगते. क्वार्टर सोडताना छतावरचा खांब उतरवला. सेट दुर्गच्या एका कॉलेजला दिला, तिथे तो आता असेल असं वाटत नाही. नोंदवह्या वाळवीनं खाल्ल्या. परीक्षेला मी कधीच बसले नाही. मोर्स मला अजून येतं.